एका मात्रेसाठी सहा खेपा

वडिलांच्या मृत्यू दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला महापालिकेत आजची सहावी खेप, आणि आजही हात हलवत परत. कारण ऐका. हॉस्पिटलने चूक कबूल करून दिलेल्या पत्रावर जावक क्रमांक नाही, म्हणजे पत्र बाहेर पाठवताना रजिस्टरात पडतो तो नंबर. लेटरहेड आहे, शिक्का आहे, डॉक्टरांची सही आहे, तारीखसुद्धा आहे. पण खिडकीमागच्या साहेबांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "जावक नंबर टाकून आणा, मग बघू." मग बघू! म्हणजे आणल्यावर काम होईल असंही नाही. नुसतं बघणार.

आमचे अण्णा गेले त्याला चार महिने झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवला त्यांनी, मराठी शिकवण्यात. नाव दत्तात्रय. आधारवर दत्तात्रय, सेवापुस्तकात दत्तात्रय, पेन्शनच्या कागदांवर दत्तात्रय. मृत्यू दाखल्यावर दत्तात्रेय. 'त्र'वर एक मात्रा. हो, व्याकरणाने दत्तात्रेयच बरोबर, ते मला शिकवू नका, मी मराठीच्या मास्तरांची मुलगी आहे. अण्णा स्वतः वर्गात सांगायचे, "माझं नावच अशुद्ध आहे रे, तुमचे मार्क कापताना मला लाज वाटते." पण ती अशुद्ध सही त्यांनी जन्मभर केली आणि सरकारने त्याच सहीवर जन्मभर पगार दिला. आता पेन्शनच्या टेबलावर विचारतात, हा दत्तात्रेय कोण? आमचा दत्तात्रय वारल्याचा कागद आणा. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्या एका मात्रेला लटकलंय.

दर नोव्हेंबरात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे, हयातीचा दाखला द्यायला. जिवंत असल्याचा कागद पाच मिनिटांत व्हायचा. मेल्याचा चार महिन्यांत होत नाही.

चूक कुठे झाली ते मला अगदी नेमकं ठाऊक आहे. रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत चुलतभावाने नाव तोंडी सांगितलं, काउंटरवरच्या मुलीने ऐकलं तसं इंग्रजीत टाइप केलं. तेच केसपेपरवर, तेच पुढे मृत्यूच्या फॉर्मवर, तेच महापालिकेच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथे कुणीतरी त्याचं मराठी केलं. आधारची झेरॉक्स त्याच फॉर्मला टाचलेली होती. बघितली कुणी? अण्णा गेले त्या पहाटे माझी सही घेतली त्या फॉर्मवर. वाचला का मी तो? नाही वाचला. बाप शवागारात आणि मी तिथे शुद्धलेखन तपासत उभी राहू? तर हो, राहायला हवं होतं. आता कुणाच्याही घरी असं काही झालं की मी सांत्वनाच्या आधी हेच सांगते: सही करण्यापूर्वी नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, एकेक अक्षर आधारशी लावून बघा. लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

अंत्यसंस्कार गावी केले. दहाव्याला भावकीतल्या सगळ्यांचं एकमत झालं की दाखला ग्रामपंचायतीतून मिळेल, आपल्या ओळखीचं आहे. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दोन गावांचा चार्ज, ते तिसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "ताई, प्राण कुठं गेला? शहरात ना? मग नोंद तिथंच. दहन कुठं केलं त्याला अर्थ नाही." या सगळ्या प्रकरणात मला सरळ उत्तर देणारा हा एकच माणूस. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा तेच म्हणतो, घटना घडली तिथे नोंद. कुणी धावत्या गाडीत गेलं तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे कळवायचं, इतकं बारीक नियमात लिहिलंय. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची, आणि 21 दिवसांच्या आत कळवलं तर एक पैसा लागत नाही. कायदा वाचायला घेतला की वाटतं किती शहाण्या माणसांनी लिहिलाय. मग आपण खिडकीवर जातो.

खिडकीवर आधी दोन आठवडे टोलवाटोलवी. हॉस्पिटल म्हणे आम्ही ऑनलाइन पाठवलं. महापालिका म्हणे आमच्या लॉगिनला दिसत नाही. हॉस्पिटल म्हणे त्यांचं सर्व्हर डाऊन असेल. महापालिका म्हणे त्यांनी सबमिट केलंच नसेल. मी मधल्या मधे रिक्षाला पैसे घालतेय.

शेवटी दाखला आला आणि त्यावर ती मात्रा.

आता दुरुस्तीचं ऐका. त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये सोय आहे. मूळ नोंदीत खाडाखोड न करता समासात दुरुस्ती करायची, खाली सही आणि तारीख. निबंधकाला, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, तो अधिकार आहे. समासात! अण्णा पोरांना पट्टीने समास आखायला लावायचे आणि म्हणायचे, "तिथे लिहू नका, ती जागा माझी आहे." एवढंच काम आहे. दोन मिनिटांचं. त्यासाठी पहिल्या खेपेला सांगितलं, आधार आणा. दुसऱ्या खेपेला, शाळा सोडल्याचा दाखला आणा. अहो, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला! तोही मिळवला, गावच्या शाळेत अर्धा दिवस बसून. तिसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदार. चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला. पाचव्या खेपेला कळलं की हॉस्पिटलने चूक कबूल केल्याचं पत्र लागतं. मग पहिल्या दिवशी ही सगळी यादी एका कागदावर का नाही देत तुम्ही? भिंतीवर 'थुंकू नये' लिहायला जागा आहे, नेत्यांच्या तसबिरींना जागा आहे, यादी चिकटवायला नाही?

यादी तोंडपाठ आहे ती गेटबाहेर झेरॉक्सच्या टपरीवर बसणाऱ्या माणसाला. "ताई, दुरुस्ती ना? दोन दिवसांत करून देतो, तुम्ही फक्त आधार द्या." जावक नंबर? "ते आपण बघू ना." त्याच्या 'बघू'मध्ये आणि साहेबांच्या 'बघू'मध्ये काय फरक आहे ते सांगायला नको.

आणि साहेबांचं हे वर: "भाऊ नाही का तुम्हाला? जेंट्सना पाठवा ना, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" हेलपाटे तुम्ही घालायला लावताय, साहेब. भाऊ असता तर जावक नंबर आपोआप उमटला असता का?

लोक सल्ला देतात, तक्रार कर. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, दोषी ठरला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. फार छान. पण मुदत मोजायला अर्ज आधी दाखल व्हावा लागतो ना! माझा अर्ज सहा खेपांत एकदाही आवक झालेला नाही. दरवेळी कागद चाळायचे, काहीतरी कमी काढायचं आणि खिडकीतूनच परत सरकवायचे. शिक्का नाही, पोच नाही. म्हणजे सरकारदरबारी मी तिथे एकदाही गेलेली नाही. ही खरी कारागिरी आहे. नाही म्हणायचं नाही, घ्यायचंच नाही. पुढच्या वेळी मी म्हणणार आहे, त्रुटी असेल तर अर्ज घ्या आणि त्रुटी लेखी द्या. बघू काय होतं. बघा, मीही 'बघू' म्हणायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, दाखला हातात आहे ना, बाकीची कामं तरी करून घे. बँकेत गेले. दाखल्यावर क्यूआर कोड आहे, स्कॅन करा, खरा की खोटा लगेच कळतं. मॅनेजर म्हणाले, "ओके, पण ओरिजिनल शिक्क्याचा आणा." हाच ओरिजिनल आहे हो, कॉम्प्युटरवरूनच निघतो! "निळ्या शाईचा पाहिजे." वर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि स्टॅम्प व्हेंडरने ऐकवलं की शंभरचा बॉण्ड आता पाचशेचा झाला. विम्यात गेले तर त्यांचं वेगळंच, "मृत्यूचं कारण कुठाय यावर?" कारण त्यावर नसतंच. कायद्यानेच मनाई आहे दाखल्यावर कारण छापायला. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर असतं, आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यायची, असं 2023 च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर हे सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, "असं काही नसतं मॅम." नसतं म्हणे.

सातबाऱ्याचं तर विचारू नका. तिथे अण्णा दत्तात्रय नाहीत आणि दत्तात्रेयही नाहीत. तिथे ते दत्तू रामा आहेत. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेल्यावर आणखी एक भूत निघालं. त्या उताऱ्यावर अजून आजीचं नाव आहे, आणि आजी गेली 1987 साली, घरात, रात्री. तिच्या मृत्यूची नोंद कुणी केलीच नव्हती. वर्ष उलटून गेलं की नोंदीला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे आता तहसील. 2025 मध्ये सरकारने मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला मोहीम काढली होती, तिचं नाव 'जिवंत सातबारा'. नाव ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

आई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, "झालं का गं अण्णांचं काम?" जणू अण्णांनीच सांगून ठेवलेलं काहीतरी राहिलंय. आज तिला सांगितलं, पत्रावर जावक नंबर नाही म्हणून परत पाठवलं. ती म्हणाली, "नंबर आपण घातला तर नाही का चालणार? आपल्याकडे निळं पेन आहे."

हॉस्पिटलला आत्ताच फोन करून झाला. जावक रजिस्टर ज्या बाईंच्या ताब्यात असतं त्या सोमवारपर्यंत रजेवर आहेत, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते.