रिसीव्ड

तेहतिसावा वाढदिवस लागला त्या मध्यरात्री माझे 5 गुण गेले. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला देणारा 189 नावाचा व्हिसा गुणांवर मिळतो, आणि त्यात वयाचेही गुण असतात. 25 ते 32 वयापर्यंत 30, तेहतीस पूर्ण झाली की 25. घरचे टाळ्या वाजवत होते आणि मी मनातल्या मनात वजाबाकी करत होतो. अर्जाला लागतात किमान 65, पण 65 वाल्याला कोणी विचारत नाही. ज्याचे जास्त त्याला आधी अर्जाचं बोलावणं. त्यामुळे गेलेले 5 कुठून तरी उभे करणं भाग होतं.

गुणांचा तक्ता मी शंभर वेळा वाचला. त्यात जोडीदाराचं एक कलम आहे. जोडीदाराचं इंग्रजी बरं असेल तर 5, त्याच्याकडे हवं ते कौशल्यही असेल तर 10. आणि लग्नच झालेलं नसेल, तरी 10! हा तक्ता बायकोला दाखवायला नको होता. तिने तो शांतपणे वाचला. म्हणाली, "आपल्याला 5 मिळतात ना? मग माझ्यामुळे तुझे 5 कमीच झाले म्हणायचे." यावर काहीही बोललं तरी चुकलंच असतं, म्हणून मी इंग्रजीच्या परीक्षेचा विषय काढला.

इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 8 आले की 20 गुण. ते मी तिसऱ्या खेपेला, रक्त आटवून मिळवले. उरली मायबोली. दुभाषाची एक परीक्षा असते, सीसीएल नावाची. दोन संवाद, प्रत्येकी 45 गुणांचे, 90 पैकी 63 मिळाले की पास आणि बक्षीस 5 गुण. इंग्रजीला 20, मराठीला 5. दर बघून वाईट वाटलं, पण गरजवंताला अक्कल नसते.

मराठीत नापास कसा होईन, अशा ताठ्यात तयारीला बसलो. पहिल्याच सरावात कानात बाई इंग्रजीत म्हणाली, तुमच्या विम्याचा 'प्रीमियम' थकलाय. मी म्हणालो, "तुमच्या विम्याचा... प्रीमियम थकलाय." 'मॉर्गेज' आलं तेव्हा 'तारण' आठवायला इतका वेळ लागला की तेवढ्यात एखाद्याचं घर जप्त झालं असतं. महिनाभर घरात मी 'हप्ता', 'दावा', 'भरपाई' असं बोलत हिंडत होतो. बायको फोनवर कोणाला तरी सांगत होती, "बरा आहे तो, परीक्षा आहे त्याची. मराठीची." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. पास झालो. काठावर.

मग बोलावणं आलं. ज्या दिवशी ते येतं त्या दिवशीचं वय धरतात, त्यामुळे सरकारदरबारी माझं वय तिथेच थांबलं. केस मात्र थांबले नाहीत. 60 दिवसांत सगळी कागदपत्रं भरायची होती. त्यात एक फॉर्म 80 आहे. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठे कुठे हिंडलात, आणि मध्ये एकही दिवस मोकळा सोडायचा नाही. दोन नोकऱ्यांमध्ये माझे अकरा दिवस रिकामे सापडले. त्या अकरा दिवसांत मी काय केलं? खरं सांगायचं तर झोपलो होतो. 'बेरोजगार, स्वतःच्या बचतीवर' असं भारदस्त काहीतरी लिहिलं.

एक्स-रे झाला, रक्त दिलं, पोलिसांचा दाखला जोडला, शुल्क भरलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'रिसीव्ड'.

तो शब्द पुढे तेरा महिने तसाच होता.

सुरुवातीला मी दुपारी एकदा बघायचो. मग कळलं, त्यांचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. झालं, साडेचारचा गजर. ऑक्टोबरात त्यांनी घड्याळं तासभर पुढे केली, तर मी साडेतीनला उठायला लागलो. ज्या देशाने मला अजून आत घेतलं नव्हतं, त्याचे ऋतू मी इमानेइतबारे पाळत होतो.

बघून काय व्हायचं? 50 टक्के अर्ज अमुक महिन्यांत निघतात, 90 टक्के तमुक महिन्यांत, असं तिथे लिहिलेलं असतं. आधी मी पहिल्या पन्नासात होतो, मग नव्वदात सरकलो. उरलेल्या दहांबद्दल कोणी काही लिहीत नाही. अर्जदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणीतरी 'ग्रँट आली', म्हणजे व्हिसा मिळाला, म्हणायचा, आणि त्याने अर्ज नेमका माझ्यानंतर भरलेला असायचा. मी अंगठा पाठवायचो. अंगठ्याला चेहरा नसतो हे बरं.

घरातली प्रत्येक वस्तू मात्र त्या एका शब्दाला टांगलेली. सोफ्याची स्प्रिंग वर आली. आता कशाला नवा घ्यायचा, जायचंच तर आहे. नळ गळत होता. त्याखाली बादली ठेवली. बादली फुटली तेव्हा मात्र बायकोने नवी बादली आणली, मोठी, झाकणासकट. म्हणाली, "ही दहा वर्षं टिकेल."

अखेर एका पहाटे ईमेल आली. हात थरथरत होते. ग्रँट नव्हती. पोलिसांच्या दाखल्याला बारा महिने होऊन गेलेत, तेव्हा 28 दिवसांत नवा पाठवावा. म्हणजे रांगेत उभं असताना माझं चारित्र्यच शिळं झालं होतं. तरी बायकोला उठवून सांगितलं की कोणीतरी फाइल उघडली, कोणीतरी माझं नाव वाचलं. ती म्हणाली, "नळवाल्याला बोलावू नको म्हणतोस ना? कळलं. झोप."

दाखल्याच्या खिडकीवरच्या माणसाने जुना कागद पाहिला आणि मान वर केली. "मागल्या वर्षीच नेलात की हो. मधल्या काळात काही केलंत का?"

"नाही हो," मी म्हणालो. "वेळच नव्हता. वाट बघत होतो."