आखाताची पहिल्या वर्षाची कमाई नेमकी कुणाच्या खिशात जाते?

आखातात कामगारांचे हाल होतात म्हटलं की सगळे कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या तिथल्या मालकाकडे, बोट दाखवतात. कफील काही साव नसतो. पण माणूस तिथे मुकाट सोसतो ते इथून कर्ज डोक्यावर घेऊन गेल्यामुळे. आणि ते कर्ज दुबईत होत नाही. महाड, श्रीवर्धन, रत्नागिरी नाहीतर मुंबईत होतं.

नियम काय सांगतो? नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेता येतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५,४०० रुपये, आणि तेही पावती देऊन. प्रत्यक्षात ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून लाखाच्या वरचा आकडा सर्रास सांगितला जातो. यूएईचा कामगार कायदा तर म्हणतो की भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून तो थेट किंवा आडवाटेने वसूल करायचा नाही. एजंट विकतोय ती विकायची वस्तूच नव्हे.

आता हिशोब मांडू. १,२०,००० रुपये महिना शेकडा तीनने काढले आणि महिन्याला १२,००० घरी पाठवले, तर पहिल्या महिन्यात ३,६०० नुसत्या व्याजात जातात. कर्ज फिटायला वर्ष लागतं. तेच ३५,४०० असते तर तीन महिन्यांत, फार तर चौथ्यात थोडं राहून, मोकळा. या मधल्या आठ-नऊ महिन्यांत पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, ओटीचे (जादा तासांचे) पैसे बुडवले, तरी माणूस तक्रार करत नाही. नोकरी गेली तर सावकाराला काय सांगणार? म्हणून हक्क वेगळे आणि परदेशी पैशाचा फायदा वेगळा असं मला वाटत नाही. भरतीतली लूट थांबली तर दोन्ही एकदम साधतात.

दुसरी मेख विझिट व्हिसाची. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, असतो. त्याला आखाती देशांत कामाला जायचं तर १९८३च्या कायद्याखाली परवानगी लागते, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर करार चढतो, प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. एजंट विझिट व्हिसावर पाठवून हे सगळं टाळतो. “विमानतळावर विचारलं तर मामाकडे चाललो म्हण,” असं पढवून पाठवतो. पुढे मालकाने हात वर केले की सरकारी नोंदीत हा माणूस कामगारच नसतो, पाहुणा असतो. ईसीएनआरवाल्यांनी, म्हणजे ज्यांना ही तपासणी लागत नाही त्यांनी, फार खूश होऊ नये. तुम्हाला परवानगी लागत नाही, याचा अर्थ तुमचा करार इथे कुणी तपासतही नाही.

करारात एकूण पगार बघून सही करू नका, बेसिक बघा. यूएईत पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी ग्रॅच्युइटी मिळते. एकूण १,५०० दिरहम, सगळे बेसिकमध्ये असतील तर चार वर्षांनी ४,२०० दिरहम हातात येतात. बेसिक ९०० आणि ६०० भत्ते दाखवले तर २,५२०. ओटीही बेसिकवरच मोजतात, म्हणजे तिथेही दर महिन्याला कात्री.

‘आझाद व्हिसा’बद्दल एकच सांगतो: कागदावर एका कफीलचा आणि काम दुसरीकडे, हे बेकायदा. पकडलं गेल्यावर दंड, अटक, हकालपट्टी कामगाराच्या वाट्याला येते.

केरळने १९९६ साली परदेशस्थ केरळींसाठी स्वतंत्र सरकारी खातं उघडलं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही किंचित जास्त. अर्थात त्यातले सगळे पैसे आखातातले नाहीत. तरीही रायगड आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत एकेक टेबल मांडायला काय हरकत आहे? तिथे बसणाऱ्याने तीनच कामं करावीत: एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर तपासून द्यावा, करार मराठीत आणि उर्दूत वाचून दाखवावा, आणि पावती न देणाऱ्याची तक्रार लिहून घ्यावी. गावात पैसे गोळा करणारा सब-एजंट बहुधा कुणाचा तरी मेहुणा असतो, त्यामुळे त्याच्याकडे पावती मागायला माणसं लाजतात. टेबलापलीकडच्या कारकुनाला ती लाज नसेल.