एसीतला गॅस ‘संपत’ नाही, गळतो

मार्च उजाडला की ऑफिसं, दवाखाने आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो: ‘एसीचा गॅस दरवर्षी थोडा कमी होतोच, सर्व्हिसिंगबरोबर टॉप-अप करून घ्या. नवे गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, म्हणजे पर्यावरणपूरकच. एसीचं खरं प्रदूषण विजेचं. आणि मशीन भंगारात काढताना गॅस सोडून द्यावाच लागतो.’ देखभालीचं बजेट ज्यांच्या हातात आहे, तेही हे मान डोलावून वाचतात. म्हणून एकेक मुद्दा.

‘गॅस दरवर्षी कमी होतोच.’ गाडीच्या एसीत रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील यांतून थोडा झिरपतो, हे खरं. समज बहुधा तिथूनच आला असावा. पण स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर वेल्डिंगने बंद केलेला असतो आणि गॅस त्याच नळ्यांतून फिरत राहतो. जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळाला. नळ्या जोडणारा फ्लेअर नट सैल असेल, ब्रेझिंगचा (धातू वितळवून केलेला) सांधा कच्चा असेल, नाहीतर खाऱ्या हवेने कॉइल खाल्लं असेल. योग्य क्रम असा: नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, दुरुस्त करायची, व्हॅक्यूम करायचा आणि मग यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. यातलं काहीच न करता केलेला टॉप-अप म्हणजे पैसे देऊन गॅस हवेत सोडणं. शिवाय दर किलोमागे बिल लागत असेल, तर गळती शोधण्यात मेकॅनिकला रस का असावा? एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, गळती शोधण्याचे पैसे वेगळे द्या, आणि ‘दुरुस्तीशिवाय गॅस भरणार नाही’ हे कलम घाला. यंत्रागणिक किती गॅस भरला याची वही ठेवा. वर्षभरात टॉप-अपला जेवढा लागला, साधारण तेवढाच हवेत गेला. ते संस्थेचं स्वतःचं थेट उत्सर्जन धरलं जातं. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांच्या बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या अहवालात, अशा थेट उत्सर्जनाच्या ‘स्कोप १’ सदराखाली एचएफसीही (हायड्रोफ्लुरोकार्बन, एसीतले सध्याचे बहुतेक गॅस याच गटातले) मोजावे लागतात.

‘ओझोनला धोका नाही’ हे आर-410ए आणि आर-32 या सध्याच्या एसीतल्या एचएफसी गॅसांबाबत खरं आहे. ‘म्हणजे पर्यावरणपूरक’ हे त्यातून निघत नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-410ए सुमारे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-32 सुमारे 675. म्हणूनच 2016 साली रवांडातल्या किगालीत, ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि एचएफसीही त्याच्या कक्षेत आले. भारताने ती 2021 मध्ये स्वीकारली. आपल्याकडे 2028 पासून एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि 2032 पासून कपात. आज घेतलेलं यंत्र त्या काळातही चालू असेल, तेव्हा खरेदीच्या टेंडरमध्ये फक्त स्टार नव्हे, गॅसही विचारा. आर-290, म्हणजे प्रोपेन, वापरणारे स्प्लिट एसी भारतात गोदरेजने 2012 मध्येच आणले. मात्र तो ज्वलनशील आहे. आर-22 हा जुना गॅस असलेल्या यंत्रात प्रोपेन भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

‘खरं प्रदूषण विजेचं.’ चालत्या, न गळणाऱ्या एसीपुरतं ठीक. पण 1.2 किलो आर-410ए उडाला तर ते अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो धरली, तर हे सुमारे साडेतीन हजार युनिट झाले. वर्षाला हजार युनिट खाणाऱ्या एसीची साडेतीन वर्षांची वीज एका गळतीत गेली. त्यात गॅस कमी असलेला एसी तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त वेळ चालतो, म्हणजे बिलही वाढतं.

उरला भंगाराचा मुद्दा. सोडून ‘द्यावा लागत’ नाही. रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेता येतो, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. फक्त वेगवेगळे गॅस एकाच सिलिंडरमध्ये मिसळू नयेत. भंगारवाला तांब्याची नळी कापतो तेव्हा सगळा गॅस मिनिटभरात जातो. त्यामुळे यंत्र त्याच्या हवाली करण्याआधी गॅस काढल्याचा आणि त्याच्या वजनाचा कागद मागा, आणि तो मिळेपर्यंत गेटपास देऊ नका.