'सिंग' की 'सिंग्ज': एक तारा देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई. आमच्या इंग्रजीच्या क्लासला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय वाचला. रविवारी बॅच 20 मिनिटं आधी सुटली आणि तुमची मुलगी फाटकापाशी एकटी थांबली, ही चूक आमचीच. माफ करा.

पण 'सरांना बेसिक इंग्रजी येत नाही, बरोबर उत्तराचे मार्क कापले' हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. 19 वर्षं शिकवतोय हो मी.

वाक्य होतं, 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू सिंग वेल.' मुलीने 'सिंग्ज' लिहिलं. तुमचं म्हणणं, 'शी' एकवचनी, मग एस हवाच. अहो, 'शी'चं क्रियापद 'इज', ते एकवचनीच आहे. 'सिंग' हे रिलेटिव्ह क्लॉजमधलं, म्हणजे आधीच्या नामाबद्दल सांगणाऱ्या जोडवाक्यातलं, 'हू'चं. आणि हा 'हू' 'वन'चा नाही, 'गर्ल्स'चा. मराठीत म्हणून बघा: 'ज्या मुली छान गातात, त्यांच्यातली ती एक.' इथे 'गाते' म्हणाल का? आपल्याकडे जो, जी, जे, ज्या बदलतात, म्हणून कोणाबद्दल चाललंय ते लगेच कळतं. इंग्रजीतला 'हू' एकीला तोच आणि पन्नास जणींनाही तोच. मुलं नेमकी तिथे फसतात.

'द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स' असतं, तर 'सिंग्ज'च बरोबर होतं, कारण मग गाणारी ती एकटीच. हा फरक फळ्यावर पाऊण तास समजावला, त्यालाच तुम्ही 'एका वाक्यावर टाइमपास' म्हटलंय. त्या दिवशी मुलगी 25 मिनिटं उशिरा आली होती, हजेरीच्या वहीत आहे. तिला दोष नाही, एसटीचं मला माहीत आहे.

आणि हो, चांगल्या इंग्रजी लिखाणातही इथे 'सिंग्ज' सापडतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर शून्य न देता अर्धा मार्क दिला. तुम्ही टाकलेल्या फोटोत तो अर्धा अंगठ्याखाली गेलाय.

राग मानू नका, पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'ही इज द टीचर ऑफ माय डॉटर हू इज व्हेरी रूड.' इंग्रजी वाचणारा सहसा 'हू' जवळच्या नामाला जोडतो. म्हणजे उद्धट ठरली मुलगी! ती तशी अजिबात नाही. राग माझ्यावर आहे, तर 'माय डॉटर्स टीचर, हू इज व्हेरी रूड' लिहा, मग तो मलाच लागेल.

फीचं समोरासमोर बोलू. वेळ पाळण्याकडे लक्ष देतोय, पेपर तपासल्यावर पालकांशी बोलायचंही बघतो. सोमवारी पेपर घेऊन या, चहा घेऊ. एक तारा राहू दे हवं तर. फक्त ते 'बेसिक येत नाही' एवढं जमल्यास काढा, दहावीच्या बॅचचे प्रवेश चालू आहेत.