खुलासा : शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही

‘चिकन-अंडी बंद करा, बर्ड फ्लू माणसांत आलाय’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

बर्ड फ्लूचा एच५एन१ हा मुळात पक्ष्यांचा विषाणू. ७० अंशांवर नीट शिजवलं की तो मरतो, आणि आपला रस्सा तर खळखळून उकळतो. आतून गुलाबी राहिलेलं मांस किंवा कच्चा बलक मात्र टाळा.

पण ‘माणसाला काही होतच नाही’ हेही खरं नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्या नवापूरला कोंबड्यांत साथ आली तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. हा विषाणू पेशीवरच्या ज्या खुंटीला चिकटतो, ती माणसाच्या नाका-घशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असते. म्हणून तो सहज लागत नाही, पण लागला तर जीवघेणा ठरू शकतो. माणसाकडून माणसाकडे तो सतत पसरत गेल्याचं आजवर दिसलेलं नाही.

खरा धोका खुराड्यात आहे : आजारी कोंबडी हाताळणं, सोलणं, तिची विष्ठा. मला काळजी वाटते ती परसात कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या बायाबापड्यांची. एकदम कोंबड्या मरू लागल्या तर त्या कापू नका, विकू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. पोरांना लांब ठेवा आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा. त्यानंतर ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आधी सांगा.