थांबू

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी ऑफिसात दादाचा फोन आला. दोन्ही हात फायलींत अडकलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. "थांबू, पोचलीस का गं?" बास. दुपारपर्यंत ग्रुपवर "थांबू मॅडम, रिपोर्टसाठी अजून थांबू का?" आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हो, स्पीकर मीच लावला होता, ठीक आहे. पण घरचं नाव घरच्यांनीच घ्यायचं असतं, हे काय सांगायला हवं?

आणि विनोद तरी नवा करा! "थांबू, आता थांबू नकोस" हे शाळेपासून प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय असं वाटतं.

नाव पडलं कसं, तर मी शेंडेफळ. सगळे पुढे पळायचे आणि माझ्या उजव्या सँडलचं बक्कल नेमकं तेव्हाच सुटायचं. मी रस्त्यातच फतकल मारायचे. पट्ट्याचं भोक काही सापडायचं नाही. पाठमोऱ्या घोळक्याकडे बघून किंचाळायचे, "थांबा! थांबा ना!" त्या 'थांबा'ची झाली थांबू. मराठीत शेवटी ऊ लावला की काहीही लाडाचं होतं. बाळू, सोनू, बबलू. 'या' लावला असता तर गेलेच होते.

लाडाचं म्हणे! चाळीस वर्षं मला त्या नावात नुसत्या पाठी दिसल्यात. बढती दोन वर्षं लांबली, तेव्हाही डोळ्यांसमोर पहिलं ते बक्कलच आलं.

चिकटलेलं नाव सुटत नाही, हेही कळतं. टिळकांचं मूळ नाव केशव, पण इतिहासात गेलं ते घरातलं 'बाळ'. पेलेचं खरं नाव एडसन. मुलं 'पेले' म्हणून चिडवायची ते त्याला मुळीच आवडायचं नाही. १९५८ साली सतराव्या वर्षी वर्ल्डकप जिंकला, तोही पेले म्हणूनच. पण त्यांचं ठीक आहे हो. थांबू कुणाला शोभणार?

मघाशी दादाला फोन करून झापलं. चारचौघांत पुन्हा त्या नावानं हाक मारायची नाही, म्हटलं.

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "अगं, ते तुझ्या ओरडण्यावरून नाही पडलेलं."

"मग?"

"बाकीचे निघायचे ना पुढे. मी म्हणायचो, थांबू. येईल ती, थांबू जरा. रोज तेच. मग ते मलाच चिडवायला लागले, 'आली का तुझी थांबू?'"

मी मराठीत एम.ए. केलंय. 'आपण थांबू' मधला थांबू मला दिसला नाही! तो ऊ लाडाचा नव्हताच, क्रियापदाचा होता.

आता मला बरं वाटावं म्हणून त्यानं रचलंही असेल. थापा मारण्यात तो पटाईत आहे. पण मघापासून त्या घोळक्यात एक जण पाठमोरा दिसत नाहीये. परत आलाय, गुडघ्यावर बसलाय, दातांत जीभ धरून बक्कलाची पिन भोकात घालतोय. आणि मान वर न करताच पुढच्यांना काहीतरी सांगतोय.

ऑफिसवाल्यांनो, तुमच्यासाठी मात्र मॅडमच. रिपोर्ट उद्या अकराला मिळेल.