सौरपंप? जरा दमानं घ्या!

मराठवाड्यात राहून सूर्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे शुद्ध येडेपणा. तो फुकटात आग ओकतो, म्हणून तर त्याला किंमत नाही. किंमत कोळशाला. आपल्या आठही जिल्ह्यांत त्याची एक खाण नाही. तो मालगाड्या भरभरून लांबून परळीच्या औष्णिक वीज केंद्रात येतो, जळतो आणि राख आपल्याला ठेवून जातो. पाहुण्याचा मान असा असतो. ऊन बिचारं घरचंच, त्याला कोण विचारतो?

शिवाय कोळशाला पाणी लागतं, हे आपल्या भागाला फारच शोभून दिसतं. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरच्या वर पाणी वापरू नये, असं केंद्र सरकारनं 2015 मध्ये ठरवलं. म्हणजे काटकसर करून साडेतीन! त्याच वर्षी परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. 2013 लाही तेच झालं होतं. पुढं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. कोळसा रेल्वेनं, पाणीही रेल्वेनं. सोलारच्या प्लेटांना काय लागतं? अधूनमधून धूळ पुसायला बादलीभर पाणी. असल्या गोष्टीला कुणी उद्योग म्हणावं का?

आता शेताचं बोलू. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, ही रीत मोडू देऊ नका. रात्री एकला मोटर चालू करायला निघायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. स्टार्टरची पेटी उघडण्याआधी काठीनं ठोकायची, आत कोण वेटोळं घालून बसलंय का ते कळायला. मग हरभऱ्यात दारं धरत गुडघाभर चिखलात उभं राहिलं की नेमकी लाइट जाते. बांधावर शेकोटी पेटते आणि "आली का रे?" "न्हाई अजून" हे पहाटेपर्यंत चालतं. दिवसा पाणी देणाऱ्याच्या नशिबी ही करमणूक कुठली! डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर सणच. वर्गणी निघते, डीपी ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला जाते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद एका ट्रॉलीत बसतात. सोलारवाला यातून वाळीत पडतो.

तरीही सौरपंपाच्या सरकारी योजनेत अर्ज भरायची खाज असेल, तर शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के, बाकी अनुदान, हे ऐकून "एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार" असं पारावर म्हणून टाका. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर ती करून घेऊ नका. अर्ज पुढं सरकण्याचा धोका असतो.

एक तक्रार मात्र चुकूनही करू नका, कारण ती खरी आहे. बोअर खोल गेलेत, तिथं तीन एचपीचा सौरपंप पाणी उचलताना धापा टाकतो; आभाळ आलं की नुसता गुरगुरतो. हे लेखी दिलं तर उगाच कुणीतरी खोली बघून पंप द्यायचं मनावर घेईल. त्यापेक्षा "सोलार म्हणजे भंगार" एवढं बोलून मोकळं व्हावं.

शहरातल्यांनी गच्चीवरच्या सोलारचा विषय हुशारीनं टाळावा. तीन किलोवॅटला केंद्राचं 78 हजार रुपये अनुदान आहे, महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट निघतात, असं जावई सांगू लागला की विचारायचं, "मग कुरडया कुठं घालायच्या?" बिनतोड सवाल आहे. पहाटे उठून चीक शिजवायचा, सोऱ्यातून कुरडया पाडायच्या, आणि दोन उन्हांत त्या खडखडीत वाळणार याबद्दल घरात कुणाला शंका नसते. त्याच उन्हावर पंखा फिरेल यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका.

एवढं करूनही शेजाऱ्यानं सोलार बसवलाच, तर सकाळी दहाला त्याची मोटर सुरू झाली की बांधावरून नाराजीनं बघत राहा. शेतकऱ्याचा पोरगा असून रात्री घोरत पडतो, हे चार लोकांत सांगा. उन्हाळ्यात तुमच्या उसाचं पाणी अडलं की भर दुपारी त्याच्याकडं जाऊन एक पाळी मागा. तो नाही म्हणायचा नाही. फक्त पाइप जोडताना तोंडानं सोलार म्हणू नका. "तुझ्याकडं लाइट हाय का रे?" असं विचारा.